आजीचा दमा, नातीचा दमा

आमच्या घरात दम्याचा मान एकट्या सासूबाईंचा. धुळीने उठणारा, उदबत्तीने उठणारा, आणि सून माहेरी जायचं म्हणाली की हमखास उठणारा. म्हणून माझी लेक उत्कर्षा मैदानावर पळून आल्यावर खोकायला लागली, छातीतून शिट्टी वाजायला लागली आणि मी "दमा तर नसेल?" म्हणाले, तेव्हा त्यांना रागच आला.

"पळल्यावर होतो त्याला दमा म्हणत नाहीत. दमा बसल्या जागी होतो. मला विचार!"

आमच्या ह्यांचं, म्हणजे सुभेदार शिवाजीरावांचं, दुसरंच. फौजेत सगळ्या दुखण्यांवर ह्यांच्याकडे एकच औषध, रगडा, म्हणजे शिक्षेची पळापळ. जवान खोकला, मार चक्कर. लेक खोकली, "बहाणा नाही चालणार, अजून एक चक्कर!" स्वतः कित्येक वर्षं स्टोअरमध्ये खुर्चीवर बसून ब्लँकेटं वाटतात, ते सोडा. लखनऊच्या ऐन जानेवारीत, छावणीच्या मैदानावर, धुक्यात पोर पळायची, थांबली की खोकायची, खोकली की हे पुन्हा पळवायचे. त्यात शाळांची आठशे मीटरची शर्यत तोंडावर आलेली.

"मम्मी, सर बोले, ऐसे खाँसोगी तो टीम से नाम काट देंगे," असं म्हणून ती जेवता जेवता रडायला लागली. माझं डोकंच फिरलं.

"उद्या दवाखाना," मी ह्यांना म्हटलं. "तुम्हीही चला. तिथे द्या काय रगडा द्यायचा तो."

दवाखान्यात कॅप्टन देविका मॅडम होत्या, नागपूरच्या. त्यांनी उत्कर्षाला एका नळीत जोरात फुंकायला लावलं, तसा नळीवरचा काटा पुढे सरकला. "छान. आता बाहेर पळून ये. सुभेदार साहेब, तुम्हीही पळा सोबत."

कॅप्टनला नाही कसं म्हणणार? पळाले बिचारे. परत आले ते लालबुंद होऊन बाकावर कोसळले. लेक मात्र ठीक उभी होती.

"बघा... काही... झालंय का... तिला?"

"थांबा जरा," मॅडम म्हणाल्या.

थांबलो. ह्यांची धाप बसली, चहा कुठे मिळेल म्हणून विचारायला लागले, आणि नेमका तेव्हाच पोरीला खोकला सुरू झाला. मग शिट्टी. नळीत फुंकलं तर काटा बराच अलीकडे अडकला. ह्यांनी पुन्हा चहाचं नाव काढलं नाही.

"तुमची धाप सवय मोडल्याची," पोरीला इनहेलरचा पंप देऊन मॅडम म्हणाल्या. "थांबलात की उतरते. हिची थांबल्यावर चढते. पळताना तोंडाने भराभर थंड, कोरडी हवा आत जाते, श्वासनळ्या आवळतात, मग तासाभरात आपोआप सैल होतात. एरवी हिला काही नाही. आजी माझ्याकडेच येतात, त्यांच्या नळ्यांना आतून कायमची सूज, त्यांना पळावंही लागत नाही. म्हणून त्यांना रोजचं औषध वेगळं. धाप लागल्यावरचा निळा पंप मात्र दोघींचा एकच."

"मग पळणं बंद?" ह्यांचा आवाज एवढासा झाला होता.

"पळणं नाही, रगडा बंद. पंधरा मिनिटं आधी पंप, मग हळूहळू अंग गरम करायचं, तोंडावर मफलर."

घरी निळा पंप बघून सासूबाईंनी तोंड फिरवलं. "अर्धा दमा आणि पंप मात्र अख्खा!"

शर्यतीच्या दिवशी मात्र सगळ्यांत आधी शाल पांघरून त्याच तयार. "आज पोरीचा दिवस आहे. माझा दमा आज घरी बसेल," म्हणाल्या, आणि खरंच आपला पंप घरी ठेवून आल्या. मला पत्ताच नाही.

उत्कर्षा दुसरी आली. मेडल कोण बघतंय? मी तिच्या छातीला कान लावून उभी. खोकला नाही, शिट्टी नाही. मला रडूच फुटलं. आणि तेवढ्यात शिट्टी ऐकू आली, ती मागून! खुर्चीत बसून नातीच्या नावाने ओरडताना सासूबाईंनी मैदानाची सगळी धूळ छातीत भरून घेतली होती.

"दादी, पंप?"

सासूबाईंनी घराच्या दिशेने हात केला. लेकीचा पंप तिच्या बॅगेत, बॅग मैदानाच्या पार पलीकडच्या तंबूत. कोणी काही बोलायच्या आत हे धावत सुटले. जाताना ठीक गेले. येताना पोट एकीकडे, सुभेदार एकीकडे. अर्ध्यात मंदावले तशी पोरगी ओरडली, "पापा, बहाणा नहीं चलेगा!"

आले. सासूबाईंनी पंप ओढला, जरा वेळाने शिट्टी उतरली. हे मात्र लेकीच्या पायाशी मातीतच बसले होते.

"श्वास मिळत नव्हता तुला," ते धापा टाकत म्हणाले, "आणि मी... अजून पळवत होतो. चुकलो गं पोरी."

पोरीचं हसू थांबलं. ती त्यांच्या शेजारी मातीत बसली आणि त्यांची पाठ चोळायला लागली.

"शिवा, पोरीचा दमा खराच आहे हो," वरून सासूबाईंचा आवाज आला. "मला लागू पडला ना तिचा पंप!"