डावीकडचं दार

ताईंच्या घराण्यात आमदारकी नाकासारखी वारशानं यायची. आजोबांनी सत्तावीस वर्षं केली, वडिलांनी, म्हणजे आबांनी, एकोणीस आणि आता ताई. तिघांत मिळून सभागृहात एकदाही कुणी ‘नाही’ म्हटलं नव्हतं.

मतदानाची घंटा झाली की होकारवाल्यांनी उजव्या दालनात जायचं, नकारवाल्यांनी डाव्या. विरोधक घंटेआधीच घोषणा देत सभात्याग करायचे, मग डावं दालन उघडतंय कोण? आजोबांना तर उजवीकडे वळायची इतकी सवय, की घरी डावीकडच्या स्वयंपाकघरात जेवायला निघाले तरी उजवीकडच्या न्हाणीघरात पोचायचे. आजीच सांगायची.

त्या दुपारी ताईंच्या तालुक्यातलं बाळंतपणाचं रुग्णालय बंद करायचं विधेयक आलं. आणलं होतं विधान परिषदेवर जाऊन मंत्री झालेल्या आबांनीच. तिथल्या नर्सबाईंना ताईंनी शब्द दिलेला. आणि आबांनी सकाळीच बजावलेलं, की पाय वाकडा पडला तर तिकीट कापलं म्हणून समज.

घंटा झाली. ताई डावीकडे वळल्या. दाराला कुलूप! शिपाई कानकोंडा झाला. किल्ली जुन्या शिपायाकडे होती आणि तो निवृत्त होऊन गावी नातवंडं खेळवत होता.

आबा जवळ आले. “झाली हौस? चल आता, लोक बघतायत.”

“बघू देत. खुर्ची तुम्ही दिलीत आबा, पाय माझे आहेत.”

ताईंनी चपला काढल्या आणि दारापाशी मांडी ठोकून बसल्या. शेवटचं मत पडेपर्यंत कुणी बाहेर जायचं नाही, असा नियम. तासाभरात मंत्रिमंडळाच्या पोटात कावळे ओरडायला लागले. दोन तासांनी अध्यक्षांनी सुतार बोलावला. त्यानं दार बिजागऱ्यांसकट उतरवलं. आत मोडक्या खुर्च्या, आणि त्यांवर कबुतरांचीही तिसरी पिढी नांदत होती. ताई एकट्याच आत गेल्या. मोजणारा कारकून सवय नसल्यानं तीनदा चुकला.

बाजूनं एकशे बारा, विरोधात एक. विधेयक मंजूर झालं, तिकीट संध्याकाळीच कापलं गेलं. नर्सबाईंना ताईंनी दोन्ही गोष्टी स्वतः जाऊन सांगितल्या. निवडणुकीला अजून वर्ष होतं. घराण्यावरच्या भरवशानं पक्षानं व्हिप काढलाच नव्हता, त्यामुळे तोवर आमदारकी शाबूत. ताईंनी त्याच आठवड्यात रुग्णालय पुन्हा उघडायचा ठराव दिला आणि पुढच्या निवडणुकीला अपक्ष उभं राहणार म्हणून सांगून टाकलं.

दार काही सुताराला पुन्हा बसवता आलं नाही. पुढच्या मतदानाला डाव्या दालनात चौघं होते. कबुतरांनी जरा सरकून जागा दिली.