उरलेली मुदत

दादाभाऊने टेम्पोच्या टपावरचा कर्णा ओढ्यापलीकडच्या वाडीकडे वळवला, तार घट्ट केली आणि खाली उतरून हात पुसले. सौदा फायद्याचा होता. मतदानापर्यंत साहेबांचा आवाज काढायचा, बदल्यात मुलगी रुपालीला अंगणवाडीत मदतनिसाची नोकरी. मंचरच्या प्रचार कचेरीत प्रचार सांभाळणाऱ्या सावळेरामने तसा शब्द दिला होता. नोकरी घरात येणार आणि जाणार काय, तर आवाज, तोही दुसऱ्याचा. घरचं काहीच खर्ची पडत नव्हतं.

आमदारसाहेब माघात गेले. रिकामी जागा सहा महिन्यांत भरायची, म्हणून भर वैशाखात पोटनिवडणूक लागली, तीही या एकाच मतदारसंघात. शेजारच्या तालुक्यातले लोक मजा बघत होते. उमेदवार साहेबांची मुलगी, वृषालीताई. बाई सरळ, अभ्यासू, पण आवाज बारीक. मागच्या रांगेपर्यंत पोचत नसे. साहेबांचा आवाज डोंगर ओलांडून जाई. तो हुबेहूब काढणारा कर्णेवाला दादाभाऊ एकटाच. एका लग्नाच्या मांडवात त्याने तो काढला होता तेव्हा सगळ्यांत जास्त साहेबच हसले होते.

"करा चालू," स्टेअरिंगवरून गोरख म्हणाला. "फकस्त माझ्याकडं तोंड करून बोलू नका. काटा येतो अंगावर."

"तू गाडी हाक की. भुताला डायवर लागत न्हाई, मला लागतो."

टेम्पोच्या तिन्ही बाजूंना साहेबांचे हात जोडलेले फलक होते. त्यांच्या आत, स्टुलावर, दादाभाऊ. त्याने माइक तोंडाशी धरला आणि घशात खोल कुठेतरी एखादं जड दार ढकलावं तसं केलं.

"माझ्या मायबापांनो! मी गेलो, पन माझं काम गेलेलं न्हाई..."

पलीकडच्या उतारावर गुरं वळणाऱ्या बाया जागच्या जागी थांबल्या. एकीने पदर डोक्यावर घेतला. वाडीतलं कुत्रं मघापासून भुंकत होतं, ते गप्प झालं.

ओढा आटलेला होता. दगडांवरून पाय टेकत एक म्हातारी अलीकडे आली आणि टेम्पोसमोर उभी राहिली.

"कोंडाबाई," गोरख मागे वळून कुजबुजला. "हिचा ल्योक, कुशाबा, गेल्या पावसात ह्याच वढ्यात व्हावून गेला."

"दिवाळीला दिलं की मत," कोंडाबाई गोरखला म्हणाली. "शाईचं नख आत्ताशी कापलंय. ते मत कुटं गेलं?"

"आज्जे, मानूस गेला का मत बी त्याच्यासंगं जातं. परत द्यावं लागतं."

"आन ताई पाच वर्सं बसनार?"

"न्हाई. साहेबांची मुदत जेवडी उरलीय तेवडीच."

म्हातारीने मान हलवली. कायदा तिला कळला, फक्त वेगळा कळला.

"म्हंजी साहेबांचं उरलेलं काम बी तिच्याच अंगावर."

गोरखने गियरवरची धूळ पुसली. मुदत वारशाने येते, दिलेला शब्द येत नाही, हे तिला सांगण्याऐवजी तो काचही पुसू लागला.

कोंडाबाई फलकाकडे वळली. "साहेब, कुशाबा गेला तवा तुमी दारात येऊन बसला व्हता. वढ्यावर पायी जायला साकव देतो म्हनला. त्याचं काय?"

दादाभाऊला गप्प बसता आलं असतं. पण माइक हातात होता, आणि त्या आवाजाला विचारल्यावर गप्प बसायची सवय नव्हती.

"पावसाच्या आत साकव हुतोय, मावशी. काठावरची जागा तेवडी मोकळी करून ठेवा."

डोंगराने वाक्याचं शेपूट परत केलं. दादाभाऊने माइक बंद केला. हे वाक्य त्याला कोणी लिहून दिलेलं नव्हतं.

गोरख खिडकीतून वाकला. "आज्जे, साहेब न्हाईत आता. ठावं हाय ना तुला?"

"ठावं हाय की. जित्या मानसाला कायतरी पायजे असतं, म्हनून तो खोटं बोलतो. मेलेल्याला काय मिळवायचं हाय?"

मतदानाच्या दिवशी अख्खी वाडी ओढा उतरून केंद्रावर आली. वृषालीताई निवडून आल्या. रुपालीच्या हातात नेमणुकीचा कागद पडला. सावळेरामने शब्द पाळला. कर्णे पाडव्यापर्यंत भाड्याने ठरवले, वर पेढेही पाठवले.

दादाभाऊचा घसा मात्र प्रचारात बसला तो बसलाच. स्वतःचा आवाज म्हणून नुसती फुसफूस निघे. साहेबांचा अजून साफ निघत होता. एकदा जेवताना त्याने "मीठ दे गं" म्हटलं, तेव्हा रुपाली मीठ न देताच उठून अंगणात गेली. त्यानंतर घरात तो हाताच्या खुणेने मागू लागला.

आषाढात गोरख पेठेतल्या चहाच्या टपरीवर भेटला. "म्हातारीनं हिरडे तोडले," तो म्हणाला. "काठावरचे दोनी. जागा मोकळी केली म्हनती."

दादाभाऊने चहा तसाच ठेवला आणि ओढ्याची वाट धरली.

ओढा दोन्ही काठ भरून वाहत होता. पलीकडे, हिरड्यांच्या जागी, दोन बुंधे होते. ह्या झाडांचा बाळहिरडा विकून कोंडाबाईचं वर्षाची मीठमिरची सुटत असे. एका बुंध्यावर ती डोक्यावर पानांचं इरलं घेऊन बसली होती.

"आज्जे!" दादाभाऊने हाक मारली. पाण्याने ती अर्ध्यातच गिळली. त्याने पुन्हा मारली, हात हलवले. शेवटी त्याने घशातलं ते दार ढकललं.

"मावशी!"

ह्या वेळी टेम्पो नव्हता, फलक नव्हते. एक बारका, भिजलेला माणूस आणि त्याच्या तोंडून निघालेले साहेब. म्हातारीने इरलं मागे सारलं आणि त्याच्याकडे पाहिलं.

"जागा मोकळी केलीय," ती म्हणाली. डोंगरातल्या बाईचा आवाज, पाण्यावरून सरळ आला.

दादाभाऊने तोंड उघडलं, मिटलं.

"मगाधरनं बगत्ये," ती म्हणाली, "त्वांड हालतंय आन आवाज न्हाई. घसा बसलाय तुमचा, साहेब."

तिने कमरेची पिशवी सोडली, काहीतरी चिंधीत दगडासकट बांधलं आणि भिरकावलं. ते अलीकडच्या चिखलात पडलं. चिंधीत वाळलेले हिरडे होते, शेवटच्या बहराचे.

त्याने एक तोंडात टाकला. तुरट रस घशाखाली उतरेपर्यंत ती उठून वाडीकडे निघालीही होती.

ताईंना मुदत मिळाली, रुपालीला नोकरी, साहेबांना मेल्यावरही मतं. त्या सगळ्याचं मोल पलीकडे दोन बुंधे होऊन पावसात भिजत होतं. आणि वर हे औषध.