इस्त्रीसाहेबांनी पुसलेला उंचवटा

मी एक जुना त्रिमिती स्कॅनर आहे. कृत्रिम पाय बनवणाऱ्या कारखान्यात माझा जन्म गेला. मित्रांनो, माणसांविषयी माझं मत फारसं चांगलं नाही, ते आधीच सांगून टाकतो.

अंगावर प्रकाशाच्या रेघा टाकायच्या, त्या कुठे वाकतात ते कॅमेऱ्यांनी पाहायचं आणि आकार रचायचा, हे माझं काम. मी आलो आणि पायाचा साचा घ्यायला लागणारा प्लास्टरचा चिखल बंद झाला, तेव्हा माझं कोण कौतुक! पुढे माझी चित्रं गुळगुळीत करणारं नवं सॉफ्टवेअर आलं आणि कारखान्याचे साहेब त्यावर लट्टू झाले. त्यांना चित्रात एकही सुरकुती खपत नसे, म्हणून कारागीर त्यांना मागून इस्त्रीसाहेब म्हणत.

एकदा एक बेकरीवाला आला. त्याचा पाय गुडघ्याखाली कापलेला होता. भट्टीसमोर उभं राहता आलं नाही, तर भागीदार त्याच्या जागी दुसरा माणूस ठेवणार होता. त्याच्या उरलेल्या पायावर हाडाचा शेंगदाण्याएवढा उंचवटा होता. मी तो नीट टिपला. साहेबांना वाटलं, पेशंट हलला, म्हणून चित्र बिघडलं. त्यांनी तो पुसून टाकला आणि स्वतःवरच खूश झाले.

नवा पाय घालून बेकरीवाला चार पावलं चालला आणि कळवळला. साहेबांनी संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला. पाय चोख बसतोय, सवय होईल, म्हणाले. तो बिचारा मान डोलावून पुन्हा उठायला लागला. स्वतःच्या दुखण्यापेक्षा रंगीत चित्रावर विश्वास ठेवणाऱ्यांची मला कीव येते. दुसऱ्यांदा तो खाली बसला, तेव्हा साहेबांनी खापर माझ्या म्हाताऱ्या डोळ्यांवर फोडलं.

सोबत आलेल्या बेकरीवाल्याच्या बायकोने नवा पाय उतरवून आतला मोजा काढला. उंचवट्यावरची कातडी सोलली होती.

"पडद्यावर बसतोय ना साहेब?" ती म्हणाली. "मग उद्यापासून भट्टीवर त्या पडद्यालाच पाठवते."

साहेबांनी तेव्हा कुठे त्याच्या उरलेल्या पायाला हात लावला. मग गुपचूप माझं मूळ चित्र उघडलं. उंचवटा तिथे होताच. त्या जागी पोकळी ठेवून पाय पुन्हा बनवला, आणि पाहुण्यांना मात्र नव्या सॉफ्टवेअरची करामत म्हणून दाखवला. मला कपाटात टाकलं.

बेकरीवाला आता भट्टीसमोर उभा राहतो. मित्रांनो, माझी काच पुसा, अशी गयावया मी करणार नाही. पण समोरच्या माणसाला कुठे दुखतं, ते त्याला विचारत जा. तेवढं आम्हा यंत्रांना येत नाही, आणि तुम्हाला येत असून तुम्ही करत नाही.