शेवटून तिसऱ्यावर जोर

ऐका ना, मधे बोलू नका, नाहीतर माझी गाडी घसरेल. माझी नोकरी टिकली. आणि टिकवली कुणी, तर आमच्या लॅबमधल्या मावशीनं. बावीस वर्षं ती तिथे तपासणीच्या काचा धुतेय.

माझं काम माहितीय ना? ऑपरेशन चालू असतानाच गाठीचा तुकडा आमच्याकडे येतो, आमच्या डॉक्टर मॅडम तपासून निदान लिहितात आणि मी ते फोनवर सर्जनना वाचून दाखवते. तिकडे पेशंट टेबलावर, आणि इकडे लांब शब्द दिसला की माझी दातखीळ. नाहीतर अख्खा शब्द एका दमात गिळायचा. दोन तक्रारी झाल्या. मॅडम म्हणाल्या, "शुक्रवारी मी शेजारी उभी राहते. जमलं तर ठीक, नाहीतर दुसरं काम बघ."

मी सिंकपाशी रडत बसले. मावशी म्हणाली, "रडून काचा धुऊन निघाल्या असत्या तर मला कशाला ठेवलं असतं? वाच तो कागदावरचा शब्द."

लिंफॅडेनेक्टमी. वाचला, म्हणजे अडखळले.

"अगं, एवढा घास कशाला कोंबतेस? आधी शेपूट पकड. एक्टमी आलं म्हणजे काहीतरी कापून काढलंय. मग बाकीचे तुकडे कर. आणि शेवटून तिसऱ्यावर जोर."

ओल्या बोटांनी तिनं ओट्यावर वाजवून दाखवलं. लिंफ, ॲड, अ, नेक, ट, मी. नेकला दणका, बाकी हळू.

"मावशी, तुला इंग्रजी येतं?"

"वाचायला अक्षर येत नाही. पण तुझ्याआधी सात जणी याच फोनवर बोलून गेल्या. कान आहेत ना मला."

मग रोज जेवणाच्या सुट्टीत ती वाजवायची, मी बोलायचे. लॉजी, ग्राफी, सगळ्यांना तोच नियम. फक्त आयटिस आलं की शेवटून दुसरा. "ते कार्टं वेगळं आहे," म्हणायची, "त्याचा अर्थ सूज."

शुक्रवारी फोन आला. मॅडम शेजारी. कागदावर दोन शब्द, एकाहून एक लांब. मी टेबलाखाली मांडीवर बोटं वाजवत सुरू केलं. ग्रॅन, यु, लॉ, म, टस. लिंफ, ॲड, अ, नाय, टिस.

 

मग सर्जन म्हणाले, "सूज आहे, कॅन्सर नाही. कळलं." फोन ठेवला. पहिल्यांदा कुणी "परत सांग" म्हणालं नाही. मॅडमनी नुसती मान हलवली आणि संध्याकाळी नोकरी कायम झाल्याचं पत्र हातात दिलं.

म्हणून आज सगळं माझ्याकडून. पण मावशी येतेय, बसमध्ये आहे. ती आल्यावर सगळ्यांनी उठून उभं राहायचं, आणि तोपर्यंत कुणी ताटाला हात लावायचा नाही. तू पण नाही गं, ठेव तो चमचा.