पंचवीस पत्रकं

उर्शुला गेल्याचं लिडियाला कळलं ते हॉस्पिटलच्या काउंटरवर, हातात सूपची बरणी असताना. तेव्हा उर्शुलाला जाऊन सोळा दिवस झाले होते आणि पुरून बारा.

दोघी चाळीस वर्षं चर्चच्या गायनमंडळात शेजारी शेजारी उभ्या राहून गायल्या होत्या. नाताळाची धावपळ संपली की मंडळाला महिनाभर सुट्टी असते. त्यात यंदा फ्लूची साथ आली आणि उर्शुला दाखल होती त्या कातोवित्सेच्या हॉस्पिटलने भेटीगाठी बंद केल्या. लिडिया त्यांच्याच शहराच्या, पोलंडमधल्या झाब्झेच्या, दुसऱ्या टोकाला राहायची. तिने उर्शुलाच्या नवऱ्याला, एडमुंडला, तीन-चारदा फोन केला. त्याने उचलला नाही. बिचारा हॉस्पिटलात धावत असेल, असं तिने धरलं. भेटी सुरू झाल्याचं कळल्यावर तिने कोंबडी शिजवली, सूप बरणीत भरलं, बरणी टॉवेलात गुंडाळली आणि बस पकडली. काउंटरवरच्या नर्सने आधी कॉम्प्युटरमध्ये बघितलं, मग बरणीकडे बघितलं आणि विचारलं, "तुम्ही घरच्या का?"

तिथून लिडिया तडक एडमुंडच्या दारात आली.

त्याने दार उघडलं तेव्हा आतल्या खोलीतून वाऱ्याचा आवाज येत होता. खिडक्या बंद होत्या. आवाज कॉम्प्युटरचा होता.

"मुंडेक, खरं आहे?" लिडियाने एडमुंडला विचारलं.

"हो."

"कधी?"

"सोळा जानेवारीला. सोमवारी."

"आणि पुरलं?"

"शुक्रवारी."

लिडियाने बरणी चपलांच्या कपाटावर ठेवली. कोट काढला नाही. "आणि आम्ही कुठे होतो? चौदा बायका. मेलो होतो आम्ही? चर्चच्या फळ्यावर तिच्या निधनाचं पत्रक नाही, बेकरीच्या दारावर नाही, बसथांब्यावर नाही. कुत्रा हरवला तरी लोक खांबाखांबाला कागद चिकटवतात रे! आमच्यातली एकही बाई आजवर गाण्याशिवाय मातीखाली गेलेली नाही. एकही नाही. त्या व्हेरोनिकाशी निम्मं मंडळ बोलत नव्हतं, तिच्यासाठीसुद्धा सगळ्या आलो होतो, मंडळाचं निशाण घेऊन. आणि उर्शुला अशीच गेली?"

एडमुंड भिंतीकडे बघत होता. बासष्ट वर्षांचा माणूस, चौतीस वर्षं शहराला गरम पाणी पुरवणाऱ्या बॉयलर हाऊसमध्ये नोकरी, शेवटची अकरा फोरमन. आपली चूक त्याने कधी हाताखालच्या कुणाच्या नावावर घातली नव्हती.

"पत्रकं हुबर्टने लावायची होती," तो म्हणाला.

हुबर्टचं दुकान कबरस्तानाच्या फाटकाजवळ होतं. शवपेट्या, फुलं, गाडी, पत्रकं, सगळं तोच बघायचा. त्याच्या आधी त्याचा बाप बघायचा.

"हुबर्टने?" लिडिया म्हणाली. "लावलीच नाहीत?"

"नाही."

"थांब, बघतेच त्याच्याकडे," असं म्हणून ती गेली. बरणी तशीच राहिली. संध्याकाळी एडमुंडने ते सूप गरम करून पिऊन टाकलं. भूक लागली होती आणि घरात दुसरं काही नव्हतं. पिताना त्याला समजत होतं की हे आपल्यासाठी केलेलं नाही.

झालं होतं ते असं.

तो निवृत्त झाला तेव्हा मुलाने, रोमानने, नॉर्वेहून त्याला एक गेम पाठवला होता. "बाबा, तुमच्याच खात्यातला आहे," असं फोनवर हसत सांगितलं होतं. सगळं जग गोठून गेलंय, एका मोठ्या खड्ड्यात एकच अवाढव्य बॉयलर आहे आणि त्याच्याभोवती उरलीसुरली माणसं झोपड्या बांधून राहतात. त्यांना जगवायचं. कोळसा कुणी आणायचा, अन्न किती वाटायचं, आजारी माणसाला कामाला जुंपायचं की नाही, हे सगळे कायदे आपण करायचे. पहिल्या दिवशी एडमुंड खो खो हसला होता. असला बॉयलर दोन तासांत फुटेल, दाबाचा काटा उलटा बसवलाय, असं तो उर्शुलाला ओरडून सांगत होता. नंतर मात्र त्याला तिथून उठवत नव्हतं. उर्शुला स्वयंपाकघरातून विचारायची,

"आज किती गेले रे तुझे?"

"सात."

"थंडीने?"

"नाही. उपाशी."

"मग तू तरी जेवायला ये. आठवा नको."

सतरा तारखेला, मंगळवारी सकाळी, तो हुबर्टच्या दुकानात गेला होता. हुबर्टने त्याच्यासमोर पत्रकं छापली. पंचवीस. काळी चौकट, वर क्रूस, खाली नाव, वय, चर्चमधल्या मिस्सा-प्रार्थनेची वेळ. "एक मी फाटकावर लावतो," हुबर्ट म्हणाला. "आणि फोरमन, बाकीचीही दुपारी मीच फिरून लावून टाकतो. बाहेर गारठा आहे, तुम्ही कशाला हिंडता?"

"नको," एडमुंड म्हणाला होता. "तेवढं तरी माझ्या हाताने करू दे."

हुबर्टने मान खाली घातली होती आणि पाकिटाबरोबर चिकटपट्टीचं नवं रीळही दिलं होतं.

घरी आल्यावर एडमुंडने पाकीट चपलांच्या कपाटावर ठेवलं. कोट अंगातच होता. घोटभर चहा घेऊन निघायचं होतं. चहाचं पाणी तापेपर्यंत त्याने कॉम्प्युटर लावला. पडद्यावरच्या गावावर मोठं थंडीचं वादळ येत होतं, कोळसा दीड दिवसाचा उरला होता. तेवढा सोडवून उठू, असं त्याने ठरवलं. चार वाजता बाहेर अंधारलं तेव्हा तो कोटासकट तिथेच बसलेला होता.

त्या दुपारी त्या गावातली माणसं हिंमत हरत चालली होती. मेलेल्यांचं काय करायचं याचा कायदा करा, असं पडद्यावर आलं. दोन पर्याय होते. प्रेतं बर्फात एका खड्ड्यात टाकायची, म्हणजे कामाचा एक तासही वाया जात नाही. किंवा कबरस्तान करायचं आणि कुणी गेलं की सगळ्यांनी काम थांबवून जमायचं. बॉयलर विझायला आलेला असताना कुठलाही शहाणा फोरमन पहिला पर्याय घेईल. एडमुंडने दुसरा घेतला. इवली इवली माणसं कोळशाच्या खाणीतून वर आली, दिवे घेऊन एका खड्ड्याभोवती उभी राहिली. तो ते शेवटपर्यंत बघत बसला. पाकीट त्याच्यापासून दहा पावलांवर होतं.

बुधवारीही तेच झालं. गुरुवारीही. रोज सकाळी तो कोट घालायचा. एकदा जिन्यापर्यंत गेलाही होता. पहिलं पत्रक इमारतीच्या खालच्या दारावर लावायचं होतं, म्हणजे येता-जाता उर्शुलाचं नाव वाचावं लागलं असतं. तो परत फिरला. फोन वाजला की पालथा करून ठेवायचा. गुरुवारी रोमान विमानतळावरून येण्याआधी त्याने पाकीट कपाटात, बुटांच्या मागे सरकवलं.

दफनाला नऊ माणसं होती. चर्चमध्ये वरच्या सज्जात, गायनमंडळाच्या बाकांवर कुणी नव्हतं. एकटा ऑर्गनवाला वाजवत होता, मध्येच थांबून नाक शिंकरत होता.

"आईच्या मैत्रिणी कुठायत?" रोमानने विचारलं.

"फ्लू आहे," एडमुंड म्हणाला. "सगळ्या आडव्या आहेत."

लिडिया बोलल्याप्रमाणे हुबर्टच्या दुकानात गेली. काय बोलली ते तिलाच ठाऊक. पण आठवड्याच्या आत बाजारात, बेकरीत, दवाखान्याच्या रांगेत एकच विषय. पुढच्या चौकातली म्हातारी गेली तर तिच्या घरच्यांनी दफनासाठी पलीकडच्या वस्तीतला दुसरा माणूस बोलावला. एडमुंडला हे बेकरीतच कळलं. पाव घेताना काउंटरवरची बाई म्हणाली, "तुमचं ऐकून वाईट वाटलं हो. असला हलगर्जीपणा! त्याचा बाप असता तर असं झालं नसतं." एडमुंडने पाव घेतला आणि मान हलवली. ती मान कशासाठी हलवली हे त्याला घरी येईपर्यंत सांगता आलं नसतं.

सोमवारी हुबर्ट स्वतः आला. चाळिशीचा, उंच, खांदे पडलेले. एडमुंडने त्याला स्वयंपाकघरात बसवलं. हुबर्टने खिशातून एक वही काढली आणि बराच वेळ मिटलेलीच हातात धरून ठेवली.

"फोरमन, मी भांडायला नाही आलो. ज्याच्या घरी माणूस गेलंय त्याच्याशी वाद घालायचा नाही, असं बाबांनी शिकवलंय. फक्त एक विचारू?"

"विचार."

"माझ्या वहीत लिहिलंय, 'पत्रकं फोरमन स्वतः लावणार'. पण अक्षर माझंच आहे. उद्या कुणी म्हणेल, मागाहून लिहिलं. आणि खरं सांगू, चार दिवस सगळे ओरडतायत तर मलाच शंका यायला लागलीय. त्या आठवड्यात सहा होते माझ्याकडे. एखाद वेळेस दुसऱ्या कुणी म्हटलं असेल आणि मी तुमच्या नावापुढे लिहिलं असेल. तुम्हाला काही आठवतंय का?"

एडमुंडला सगळं आठवत होतं. पट्टीच्या रिळाचा रंगसुद्धा.

"नाही आठवत," तो म्हणाला.

"साहजिक आहे," हुबर्ट म्हणाला. "अशा वेळी कुणाला काय आठवतं? जाऊ द्या." त्याने वही खिशात घातली. "पंधरा तारखेला तिसाव्या दिवसाची मिस्सा असेल ना? त्याची पत्रकं मी छापतो आणि सगळीकडे मीच लावतो. पैशाचं काही बोलू नका. मंडळाच्या बायका येतील. निदान तेवढं तरी नीट होऊ दे."

तो गेल्यावर एडमुंडने उष्टा कप धुतला, पुसला, पुन्हा धुतला. त्या दिवशी त्याने कॉम्प्युटर लावला नाही. त्यात शहाणपणा काही नव्हता. त्या खोलीत जायचीच त्याला लाज वाटत होती.

गुरुवारी दुपारी चर्चमागच्या हॉलमध्ये मंडळाचा सराव होता. सुट्टीनंतरचा पहिला. एडमुंड पोचला तेव्हा बायका काचेच्या ग्लासातून चहा पीत होत्या. त्याला बघून सगळ्या उठल्या. एकीने खुर्ची दिली, एकीने केकचा तुकडा पुढे केला. तो बसला नाही.

"हुबर्टचा काही दोष नाही," तो म्हणाला. "पत्रकं मी लावणार होतो. तो लावतो म्हणत होता, मीच नको म्हटलं. आणि मी लावली नाहीत."

मग लिडिया म्हणाली, "तुला सुचत नव्हतं. समजू शकतो आम्ही."

तिथे थांबता आलं असतं. बायकांचे चेहरे तेवढ्यात मऊ झालेही होते.

"सुचत होतं," तो म्हणाला. "मी घरी गेम खेळत होतो."

"काय खेळत होतास?"

"गेम. कॉम्प्युटरवरचा."

"पत्ते?"

"नाही. एक गाव असतं. बर्फातलं. मध्ये बॉयलर असतो, तो चालू ठेवायचा."

"तीन दिवस?" मागून कुणीतरी विचारलं.

"तीन दिवस."

"आणि त्यात काय करायचं असतं?" लिडियाने विचारलं. ती चिडली नव्हती. तिला खरंच समजून घ्यायचं होतं आणि तेच त्याला जड जात होतं. बासष्टाव्या वर्षी चौदा बायकांसमोर उभं राहून तो सांगू लागला, कोळसा कुठून आणतात, झोपड्या कशा मांडायच्या. ऐकताना ते त्याला स्वतःलाच अगदी बावळट वाटत होतं.

"माणसं मरतात का त्यात?"

"मरतात."

"मग?"

"मग पुरतात."

"कोण पुरतं?"

"सगळे. काम थांबवून सगळे जमतात. तसा कायदा मीच केला होता. त्याच दिवशी."

लिडियाने चहाचा ग्लास खाली ठेवला. "त्यांच्यासाठी सगळे जमले," ती म्हणाली.

"हो."

"एक फोन, मुंडेक. पत्रकं राहू दे. मला एक फोन करायचास. मी घरोघर पळत गेले असते."

कोपऱ्यातली एक म्हातारी बाई, जी दर रविवारी सगळ्यात पुढे उभी राहायची, रुमालात रडत होती आणि रडता रडता म्हणत होती, "आणि मी त्या हुबर्टला बाजारात काय काय बोलले. देवा, त्याच्या तोंडावर बोलले."

"पंधरा तारखेला आम्ही गाणार," लिडिया म्हणाली. "सगळं गाणार, दफनाचं राहिलेलं पण. तुझ्यासाठी नाही हं. तू खाली कुठे बसायचं तिथे बस, मला वरून दिसू नकोस."

"बरं."

"आणि हुबर्टकडे आम्ही जाऊच. आम्हाला जायलाच हवं, तोंड आमचं सुटलं होतं. पण आधी तू जा."

"जातो," तो म्हणाला.

मिस्सा झाली. पत्रकं सगळीकडे लागली होती, फळ्यावर, बेकरीवर, बसथांब्यावर, त्याच्या इमारतीच्या खालच्या दारावरसुद्धा. चर्च निम्म्याहून जास्त भरलं. बायकांनी निशाण आणलं होतं. एडमुंड खांबामागे बसला. वरून आवाज आला तेव्हा त्याने चौदा आवाजांत पंधरावा शोधला. मग उरलेला वेळ तो जमिनीकडे बघत होता. हुबर्ट दाराशी उभा होता, काळ्या कोटात. एडमुंडला बघून त्याने मान लववली आणि बाजूला होऊन वाट करून दिली.

त्यानंतर बायका दोघी-तिघी मिळून हुबर्टच्या दुकानात जाऊन आल्या. लिडिया तर केक घेऊन गेली होती. हुबर्ट कुणावर रागावला नाही म्हणे. फोरमनच्या तोंडून ऐकायचं होतं, एवढंच म्हणाला.

एडमुंड दोनदा गेला होता. पहिल्यांदा आत एक कुटुंब बसलेलं होतं, पेटी निवडत होतं, तर तो बाहेरूनच वळला. दुसऱ्यांदा आत कुणी नव्हतं. हुबर्ट एकटाच टेबलाशी काहीतरी लिहीत होता. एडमुंड काचेबाहेर उभा राहिला आणि हुबर्टने मान वर करायच्या आत निघाला.

आज मार्चची चार तारीख आहे. हुबर्टला सगळं कळलेलं आहे, पण ते बायकांकडून. 'तू विचारलंस तेव्हा मला आठवत होतं', हे एडमुंडने अजून त्याला सांगितलेलं नाही.