रेघेची जाडी

पेनाचं टोक आज जाड होतं – गेल्या खेपेचं सुईसारखं होतं, हे काळं, बोथट – आणि त्याच्या नडगीवर पसरलेल्या, बारीक चौकटी आखलेल्या पारदर्शक कागदावरून ते जखमेच्या कडेकडेनं फिरत होतं... अकरा वर्षं त्यानं जखमेकडे बघणं टाळलं होतं. सून पट्टी करायची, हा खिडकीबाहेर बघायचा. पण पहिल्या खेपेला पेन दिसल्यावर मान आपोआप वळली, तेव्हापासून तो रेघ तेवढी बघायचा. सगळी नोकरी जमिनीचे नकाशे गिरवण्यात गेलेली.

"आजोबा, हलू नका. माझा नकाशा चुकेल."

"पाय माझा आणि नकाशा तुझा होय गं?"

ती हसली. दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर ती नवी औषधं घोटते, म्हणून सून तिला मलमवाली म्हणते. हे तिचं चौथं मलम. आधीची तीन फुकट गेली. बारा आठवड्यांपूर्वी जखमेत शहाण्णव चौकटी भरल्या होत्या. आज चौसष्ट किंवा कमी भरल्या तर मलम आणखी चाळीस जणांच्या पायांवर जाणार, नाहीतर बंद. त्याचंही.

ती ओठ हलवत मोजू लागली... मागे मांडीची कातडी काढून इथे लावली होती. ती काही धरली नाही. मांडी मात्र तीन आठवड्यांत भरून आली, तिथे अजून फिकट चौकोन आहे, वाफ्यासारखा. एकाच माणसाची कातडी – मांडीवर इतकी शहाणी, नडगीवर इतकी हट्टी, का? हे मी कधी कुणाला विचारलंच नाही.

"त्रेसष्ट!" ती जवळजवळ ओरडलीच. "आजोबा, त्रेसष्ट!"

पण रेघ कडेच्या आतून गेली होती. आधी दर खेपेला ती बाहेरून ओढायची. एवढी जाड रेघ, सगळ्या कडेनं – पाच-सहा चौकटी तिच्याखालीच गडप. रेघेची जाडी कुणाच्या वाट्याला गेली ते आधी सांग, असं मोजणी खात्यातले थोरले साहेब म्हणायचे. मुद्दाम नसेल केलं तिनं. हात आपल्याला हवं तिकडे जरासा कलतोच, माझाही कलायचा. गप्प बसलो तर पोरगी खूश, मलम चालू... आणि ते चाळीस पाय?

"पोरी, रेघ आतून ओढलीस."

तिचं हसू तसंच राहिलं, डोळे तेवढे बदलले. जुना कागद काढून तिनं नव्यावर ठेवला.

"परत काढते. पण आजोबा, आकडा वर गेला तर... संपलं."

"बारीक टोकाचं आण."

ती पेन शोधायला आत गेली. जखम उघडीच होती. तो वाकला. लाल, ओलसर, तळ्यासारखी – आणि मधोमध नखाएवढं काहीतरी फिकट. मलमाचा थर? की कातडी, कडेशी नातं न ठेवता एकटीच उगवलेली? तळ्यातलं बेट तळ्यात धरत नाहीत, वजा करतात. ते तिनं कागदावर काढलंच नव्हतं. किती भरेल... तीन चौकटी? चार? मांडीवरचा चौकोन असाच मधून सुरू झाला असेल का?

त्यानं चष्मा पुसला, आणखी वाकला. आतून पावलं वाजली. ती जरा सावकाश यावी असं त्याला वाटलं – त्याचं अजून बघून झालं नव्हतं.