गुरुजींचा ब्रेक

तुकिजानने ब्रेकच्या मुठीला बांधलेली ट्यूबची पट्टी सोडली आणि दोन बोटांनी ब्रेक दाबून पाहिला. दगडासारखा कडक. ब्रेक रात्रभर दाबून बांधून ठेवला की नळीत अडकलेला शेवटचा बुडबुडाही वर निघून जातो, ही त्याची जुनी युक्ती. ती वापरायची वेळ सहसा येत नसे. या गाडीपायी मात्र तीन दिवसांत दोनदा आली होती.

"गुरुजी, आता बघा बरं."

हार्सोयो गुरुजींनी चहाचा ग्लास डाव्या हाताने बाकावर ठेवला आणि ते उठले. गाडी चौऱ्याहत्तर सालची होंडा, त्यांनी ती अजून नव्या नवरीसारखी सांभाळलेली. पुढच्या ब्रेकच्या रबरी नळ्या इतकी वर्षं त्यांनी बदलू दिल्या नव्हत्या. मूळची वस्तू ती मूळची, असं म्हणायचे. या महिन्यात मात्र स्वतःच स्टीलची जाळी विणलेल्या नव्या नळ्या घेऊन आले. म्हणाले, जुन्या फुगतात, जोर वाया जातो. तुकिजानने टाकीवर ओली फडकी पसरली, कारण ब्रेकचं तेल सांडलं की रंग खातं. तांब्याच्या नव्या चकत्या घालून त्याने नळ्या बसवल्या आणि सगळी हवा काढली. इतकं सुबक काम त्याच्या हातून वर्षात झालं नव्हतं.

गुरुजी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन वळले. दुकानासमोर थांबायचं म्हणून त्यांनी मूठ दाबली, पण गाडी दुकान सोडून पुढे गेली. शेजारणीने उन्हात मांडलेल्या तंबाखूच्या तट्ट्यांच्या अलीकडे वीतभर अंतरावर, गुरुजींचे पाय घासत घासत, ती एकदाची उभी राहिली.

"अजून हवा आहे रे," गुरुजी धापा टाकत म्हणाले. "दाबतो, पण पकडत नाही."

"इंग्गिह, गुरुजी."

आमच्या तेमांगुंग गावात तंबाखू ढिगाने पिकते, भाजी पिकते, फक्त 'नाही' पिकत नाही. वडीलधाऱ्यांसमोर तर नाहीच नाही. त्यांनी काहीही म्हणावं, आपण 'इंग्गिह' म्हणावं. त्याचा अर्थ 'होय'. पटलं नसलं तरी 'होय'च. डॉक्टरांना गुरुजींच्या उजव्या हातातला जोर गेल्याचं कळलं होतं, त्यांनी ते गुरुजींना न सांगता मुलीला सांगितलं. मुलगी एंदा काल दुकानात आली, डोळे पुसत म्हणाली, "काका, बाबा तुमचं ऐकतील. परवाच्या फेरीला जाऊ नका म्हणून तुम्हीच सांगा ना." आणि तुकिजान तिलाही 'इंग्गिह' म्हणून बसला होता.

उद्या जुन्या गाड्यांची फेरी. क्लेदुंगची खिंड चढून पलीकडे वोनोसोबोला उतरायचं. वळणावळणांचा उतार, त्यात तंबाखूचे ट्रक. सगळ्यात वडील म्हणून गुरुजी सर्वांत पुढे. ज्या माणसाने तुकिजानचा हात धरून पाटीवर अक्षरं गिरवून घेतली, त्याला तुमचा हात गेला असं कुठल्या तोंडाने सांगायचं?

"मी नमाज पढून येतो," गुरुजी म्हणाले. "तेवढ्यात बघून ठेव."

ते गेल्यावर तुकिजान गाडीपाशी उकिडवा बसला. गुडघे कुरकुरले. तीन दिवस तो नसलेली हवा काढत होता आणि त्याला त्याचा मनापासून कंटाळा आला होता. बराच वेळ तो नुसता त्या नळीकडे बघत राहिला. मग त्याने मूठ दाबली, हवा काढायचा खालचा स्क्रू सैल केला आणि तो उघडा असतानाच मूठ सोडून दिली. हवा आत ओढली गेली. त्याने तेच तीनदा केलं, स्क्रू आवळला, सांडलेलं तेल पुसून काढलं. असा ब्रेक त्याच्या दुकानातून आजवर कधी बाहेर पडला नव्हता.

गुरुजी परत आले तेव्हा तो हात धूत होता.

"नाही जमलं, गुरुजी," तो पाठमोराच म्हणाला. "मला नाही जमलं. गाडी इथंच राहू द्या. उद्या नेऊ नका."

गुरुजींनी मूठ दाबली. ती सरळ हँडलला टेकली. त्यांनी सोडली, पुन्हा दाबली, पुन्हा टेकली. मघाशी हीच मूठ त्यांच्या सगळ्या ताकदीला निम्मीसुद्धा येत नव्हती. त्यांनी तुकिजानच्या पाठीकडे पाहिलं आणि ते बाकावर जाऊन बसले.

तेवढ्यात बिंतोरो आला. उद्याच्या फेरीची यादी याच्याचकडे. तरुण आणि बडबड्या.

"काय काका, आमच्या पुढाऱ्यांची गाडी तयार ना?"

"नाही," तुकिजान म्हणाला. "ब्रेक होत नाहीये माझ्याच्यानं."

"तुमच्याच्यानं?" बिंतोरो हसत सुटला. "म्हातारे झालात की काय! मग आम्ही गाड्या कुणाकडे न्यायच्या? सगळ्यांना सांगून ठेवतो बाबा, तुकिजानकाकांचं दुकान संपलं म्हणून."

तुकिजान फडक्याने बोटं पुसत राहिला. पुसलेलीच बोटं पुन्हा पुन्हा.

"बिंतोरो, इकडे ये," गुरुजी म्हणाले. वर्गात मागच्या बाकाला ऐकू जावा तसा आवाज. "ब्रेक उत्तम झालाय. हा उगाच बोलतोय. माझा हात गेलाय. ही दोन बोटं रमजानपासून वळत नाहीत. माझं नाव खोड, आणि लोकांना सांगायचंच असेल तर हे सांग."

बिंतोरोचं हसू जागच्या जागी थांबलं. सवयीने त्याच्या तोंडून 'इंग्गिह' निघालं, आणि तो निमूटपणे चालता झाला.

दोघेच उरले. तुकिजानला मान वर करवेना. गुरुजींनी ग्लासातला गार चहा संपवला, मग उठून गाडीच्या पलीकडल्या बाजूला उभे राहिले, आणि टाकीवरून वाकून डावा हात उजव्या मुठीपर्यंत पोचवला.

"बस खाली. हवा भरलीस ती काढायला नको? मी दाबतो, तू सोड."

तुकिजानने बाटलीत नळी धरली आणि पाना लावला.

"दाबलं," गुरुजी म्हणाले.

"सोडतो."

"सावकाश. मला काही कुठे जायचं नाही आता."